आठ घ्यावा, सोळा घ्यावा की बत्तीस?



परीक्षा संपून निकाल हातात पडला की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. "पास झालास ना, मग आता बक्षीस काय हवं?" सायकल, कॅरम, क्रिकेटची बॅट ही नेहमीची उत्तरं. पण हल्ली आमच्या जुहूच्या शाळेत मला आणखी एक उत्तर ऐकू येतं. "बाई, मला गाणी ऐकायचा प्लेअर घेणार आहेत!"

तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, चार बटणं, इवलासा पडदा आणि कानाला लावायची वायर. त्यावर फोन करता येत नाही, निरोप येत नाहीत, मधेच जाहिरात वाजत नाही. म्हणूनच तर आई-बाबांना तो आवडतो. नाचाच्या सरावाला, तबल्याच्या रियाजाला, इंग्रजी कविता पुन्हा पुन्हा ऐकायला किंवा गावाला जाताना घाटात रेंज गेली तरी गाणं चालू राहावं म्हणून तो छान. शिवाय तेवढ्यासाठी मुलांच्या हाती फोन द्यावा लागत नाही.

मग सगळं कुटुंब हौसेनं इर्ल्याच्या बाजारात जातं. दुकानदार चार खोकी समोर मांडतो आणि विचारतो, "आठ जीबी देऊ, सोळा, बत्तीस की चौसष्ट?" इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात! बाबा म्हणतात, "मधला द्या." आई म्हणते, "स्वस्तातला बघा." आणि तुम्ही अर्थातच म्हणता, "सर्वांत मोठा!"

तिघांचंही उत्तर बरोबर असू शकतं आणि तिघांचंही चूक. कारण कुणीच गणित केलेलं नाही. चला तर मग, आज आपण ते करू. पाटी-पेन्सिल घ्या. तिसरी-चौथीचा गुणाकार येत असला की पुरे.

डबा तोच, पोहे वेगळे

जीबी म्हणजे काय, ते आधी पाहू. यंत्राच्या पोटात माहिती साठवायची जागा असते. ती मोजायचं सर्वांत छोटं नेहमीचं माप म्हणजे बाइट. हजार बाइट म्हणजे एक केबी, हजार केबी म्हणजे एक एमबी आणि हजार एमबी म्हणजे एक जीबी. ग्रॅम, किलो, टन असतं ना, तसंच समजा.

आता खोक्यावर काय छापलेलं असतं ते वाचा. "इतकी हजार गाणी मावतात!" हा आकडा खोटा नसतो, पण अर्धाच खरा असतो. आईला विचारा. ज्या डब्यात दहा किलो तांदूळ मावतात, त्यात पोहे दहा किलो मावतात का? नाही! डबा तेवढाच असतो, पण पोहे फुगीर. गाण्यांचंही तसंच आहे. काही गाणी तांदळासारखी दाबून बसतात, काही पोह्यांसारखी जागा खातात.

याचं एक उदाहरण आपल्या जुहूतच घडलेलं आहे. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला, हे तुम्हांला ठाऊक आहे का? १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक छोटं विमान स्वतः चालवत, वाटेत अहमदाबादला थांबून, इथे जुहूला उतरले. विमानाचं नाव पुस मॉथ. त्यात टपाल होतं, सुमारे २५ किलो. आता मला सांगा, २५ किलोत पत्रं किती? एक पत्र १० ग्रॅमचं धरलं तर २५००. पाकीट जाड, २५ ग्रॅमचं धरलं तर फक्त १०००. विमान तेच आणि वजनही तेच, तरी पत्रांचा आकडा निम्म्याहून कमी झाला! म्हणून "किती पत्रं मावतात?" असं विचारण्याआधी "एक पत्र केवढं?" हे विचारावं लागतं.

प्लेअरचंही तेच. "किती गाणी?" च्या आधी विचारायचं, "एक गाणं केवढं?"

गाणं केवढं असतं?

तुमच्या पणजोबांच्या काळी याचं उत्तर सोपं होतं. ग्रामोफोनची ती काळी तबकडी, मिनिटाला ७८ वेळा फिरणारी. तिच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. त्यामुळे गवयांना आपलं तासाभराचं गाणं तीन मिनिटांत बसवावं लागे! १९४८ साली सावकाश फिरणारी मोठी तबकडी आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. १९६३ साली फिलिप्स कंपनीनं कॅसेट आणली. तिच्यावर तर आकडाच लिहिलेला असायचा. ६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटं, ९० म्हणजे ९० मिनिटं. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि गाणं खिशात गेलं. १९८२ साली सीडी आली. सुरुवातीच्या सीडीवर ७४ मिनिटांपर्यंत गाणी मावत.

बघा, तोपर्यंत सगळा हिशेब मिनिटांत होता. कुणालाही कळावा असा. मग जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. आपला कान सगळेच आवाज टिपत नाही. ढोल वाजत असताना शेजारची टाचणी पडली तर ऐकू येत नाही ना? मग अशा ऐकू न येणाऱ्या आवाजांची माहिती साठवायचीच कशाला? ती गाळून टाकली तर गाणं खूप लहान होतं. या पद्धतीचं नाव एमपीथ्री. आवाज किती गाळायचा, हे आपल्या हातात असतं. कमी गाळला तर आवाज भरदार पण फाइल मोठी, जास्त गाळला तर फाइल छोटी पण आवाज किंचित चपटा.

किती गाळलं हे एका आकड्यावरून कळतं. त्याला बिटरेट म्हणतात. १२८ बिटरेट म्हणजे दर सेकंदाला १२८ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १२८ ला ८ नं भागा. आले १६ केबी. हे एका सेकंदाचं झालं. एका मिनिटाचं? १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० केबी. जवळजवळ एक एमबी!

झालं, आपल्याला किल्ली सापडली. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा:

नुसतं बोलणं, गोष्टी, पाढे (बिटरेट ६४): मिनिटाला अर्धा एमबी.
साधं गाणं (बिटरेट १२८): मिनिटाला १ एमबी.
भरदार गाणं (बिटरेट ३२०): मिनिटाला सुमारे अडीच एमबी.
काहीही न गाळलेला, सीडीसारखा आवाज: मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी.

आणि पडद्यावर चित्रपट बघायचा असेल तर? एका तासाचा चित्रपट सहज अर्धा ते एक जीबी खातो. शंभर-दोनशे गाण्यांची जागा एका चित्रपटानं गिळली! म्हणून चित्रपट बघायचा की नाही, हे दुकानात जाण्याआधी घरीच ठरवून टाका.

या किल्लीनं खोक्यावरचं कुठलंही कुलूप उघडतं. २००१ साली ॲपल कंपनीनं पहिला आयपॉड काढला. जागा ५ जीबी, आणि जाहिरात अशी की खिशात हजार गाणी! खरं की खोटं? कंपनीनं गाणं ४ मिनिटांचं आणि बिटरेट १६० धरला होता. १६० भागिले ८ म्हणजे २० केबी. मिनिटाचे १२०० केबी, म्हणजे १.२ एमबी. चार मिनिटांचे ४.८ एमबी. हजार गाण्यांचे ४८०० एमबी, म्हणजे ४.८ जीबी. बसली की हजार गाणी! पण तुमची गाणी आठ मिनिटांची असतील तर? पाचशेच बसतील. त्याआधी, १९९८ साली जे पहिले एमपीथ्री प्लेअर बाजारात आले, त्यांत जागा होती ३२ एमबी. जीबी नाही हं, एमबी! म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणी. तरीही लोकांनी हौसेनं घेतले. आयपॉड तर २०२२ साली कंपनीनं बंदच करून टाकला. यंत्रं येतात नि जातात, गुणाकार मात्र तोच राहतो.

आता एक आपलं, मराठी गणित. ग. दि. माडगूळकरांचं आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण घरी आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ते आठवड्याला एक गीत असं प्रसारित झालं. एकूण गीतं ५६. एक गीत सरासरी ८ मिनिटांचं धरू. ५६ गुणिले ८ म्हणजे ४४८ मिनिटं. तीन मिनिटांच्या तबकड्यांवर ते भरायचं तर सुमारे १५० बाजू, म्हणजे ७५ तबकड्या, डोक्यावर घेऊन जावं लागेल! साठच्या कॅसेटी घेतल्या तर आठ. आणि साध्या एमपीथ्रीत? ४४८ एमबी. अर्ध्या जीबीतसुद्धा मावलं. आठ जीबीच्या सर्वांत लहान प्लेअरमध्ये सगळं गीतरामायण बसून पंधरा हिस्से जागा रिकामी राहील.

मग मोठा प्लेअर हवा कशाला? बहुतेकांना नकोच असतो. पण काहींना हवा असतो. कुणाला, ते आता सांगते.

तीन रकाने

गेल्या वर्षी माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. राहायला जुहू कोळीवाड्यात. गाण्याची भारी आवड, आणि नाचाच्या क्लासलाही जायची. तिला प्लेअर घ्यायचा ठरला. पालकसभेला तिचे बाबा आले तेव्हा म्हणाले, "बाई, चार जीबीचा एक स्वस्तात मिळतोय. पोरीची दोनशे गाणी आहेत. बस झाला ना?"

मी म्हटलं, "आपण तिलाच हिशेब करू देऊ या." तिनं वहीत तीन रकाने आखले. तुम्हीही आखा, कारण सगळी गंमत या रकान्यांतच आहे.

पहिला रकाना: कुठेही पुन्हा मिळेल असं. दुसरा रकाना: पुन्हा मिळेल, पण खटपट पडेल असं. तिसरा रकाना: हरवलं तर जगात दुसरीकडे कुठेच नाही असं.

पहिल्या रकान्यात तिनं गाणी लिहिली. २०० गाणी, प्रत्येकी ५ मिनिटं. १००० मिनिटं, म्हणजे १ जीबी. त्याखाली गोष्टी आणि इंग्रजीचे पाठ, २० तास. १२०० मिनिटं, मिनिटाला अर्धा एमबी, म्हणजे ६०० एमबी. दुसऱ्या रकान्यात नाचाच्या सरावाचं संगीत. ताईंनी मुद्दाम वाजवून घेतलेलं, ते भरदारच हवं. दहा तुकडे, प्रत्येकी १० मिनिटं. १०० मिनिटांचे सुमारे २५० एमबी.

बेरीज काय झाली? १००० अधिक ६०० अधिक २५०, म्हणजे १८५० एमबी. दोन जीबीसुद्धा नाही! बाबा खूश झाले. "बघा, मी म्हटलंच होतं. चारचा बस."

मुलगी मात्र तिसऱ्या रकान्याकडे बघत बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आणि आजीचे धवले?"

मुलांनो, कोळी आणि आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण असते. ती लग्नाचे विधी चालू असताना धवले गाते. कोणत्या विधीला कोणता धवला, हे तिला तोंडपाठ असतं. ती हे शिकते आपल्या आईकडून, आत्याकडून, सासूकडून, शेजारी बसून ऐकत ऐकत. हिची आजी धवले म्हणते. काकाचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. आजी घरात म्हणाली होती, "या लग्नात म्हणेन. पुढच्याला माझा आवाज लागेल की नाही, देव जाणे."

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, लग्न दोन दिवसांचं. सगळं मिळून दहा तास तरी धरा."

तिनं गुणाकार केला. दहा तास म्हणजे ६०० मिनिटं. साध्या एमपीथ्रीत ६०० एमबी. मग चारचा प्लेअरही पुरतो की! पण इथे मी तिला थांबवलं. एमपीथ्रीत गाळलेलं परत येत नाही, हे आठवतं ना? बाजारातलं गाणं गाळून घेतलं तरी बिघडत नाही, कारण त्याची मूळ प्रत कंपनीकडे असते. आजीच्या धवल्याची मूळ प्रत कुठे आहे? तुम्ही जी घ्याल तीच! म्हणून ती काहीही न गाळता घ्यावी. ऐकायला हवी तर मग तिची छोटी एमपीथ्री प्रत कधीही काढता येते. मोठ्यातून छोटी निघते, छोटीतून मोठी निघत नाही.

तिनं पुन्हा गुणाकार केला. ६०० मिनिटं, मिनिटाला साडेदहा एमबी. ६३०० एमबी, म्हणजे ६.३ जीबी. त्यात आधीचे १.८५ मिळवले. ८.१५ जीबी!

चारचा तर नाहीच, आठचाही पुरेना. एकट्या आजीच्या आवाजानं सगळा हिशेब चौपटीवर नेला.

बाबा म्हणाले, "लग्नाच्या दिवशी गाणी पुसून टाकू, मग आठचा पुरेल." सुचलं चांगलं. पण मग ६.३ साठी आठ, आणि यंत्राचा स्वतःचा कारभार चालायलाही त्यातली थोडी जागा लागते. लग्न लांबलं तर? धवलारणीला मधेच "आजी, थांबा, जागा संपली" असं सांगता येतं का? म्हणून जागा रोजच्या दिवसाची धरायची नाही, सर्वांत जड दिवसाची धरायची. पाण्याची टाकी घेताना आपण पाहुणे आले की किती पाणी लागेल ते बघतो ना, अगदी तसं.

शेवटी सोळाचा ठरला. आवाज टिपण्याची सोय असलेला, आणि ती सोय काही न गाळता टिपण्यावर लावता येते ना, हे दुकानातच बघून घेतलेला. "मग चौसष्टचाच का नाही?" असं मुलीनं विचारलंच! उत्तर तिच्या वहीतच होतं. सोळात तिचं सगळं मावून जवळजवळ निम्मी जागा शिल्लक राहत होती. जास्तीचे पैसे वेगळ्या कामासाठी हवे होते. ते काम कोणतं?

दुसरी प्रत! वाचलेल्या पैशांत त्यांनी एक वेगळं मेमरी कार्ड घेतलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सगळे धवले काकाच्या संगणकावर उतरवले, आणि एक प्रत त्या कार्डावर करून कार्ड आत्याकडे वसईला दिलं. चौसष्टचा एकच प्लेअर आणि तो लोकलमध्ये हरवला, तर चौसष्ट जीबी एका दमात गेले. सोळाचा प्लेअर, संगणक आणि आत्याकडचं कार्ड, अशा तीन जागी असलेला आवाज सहजासहजी जात नाही.

लग्नात प्रत्यक्षात नऊ तासांच्या वर आवाज टिपला गेला. म्हणजे दहाचा अंदाज अगदी बरोबर होता! नंतर तिनं वर्गात एक धवला ऐकवला. पंचेचाळीस मुलं चिडीचूप बसून ऐकत होती. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. त्याला किती जीबी लागतील?" मी म्हटलं, "आजीला विचार, किती मिनिटं म्हणते ती! मग गुणाकार तुझा."

दुकानात जाताना

आता तुमची वही तयार झाली. दुकानात मात्र एवढं लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. सोळाचा प्लेअर संगणकाला जोडला की पुष्कळ संगणकांवर जागा १४.९ च दिसते. "फसवलं!" म्हणून दुकानात धावू नका. कंपनी हजारानं मोजते आणि तो संगणक १०२४ नं मोजतो. दोन मापं आहेत, माल तेवढाच. आपण कोसानं मोजलं की आकडा लहान येतो आणि किलोमीटरनं मोठा, म्हणून काही रस्ता लहान-मोठा होत नाही. बत्तीसचे असेच २९.८ दिसतात.

दुसरी गोष्ट. यंत्रात मेमरी कार्ड घालायची खाच आहे का, ते बघा. असेल तर आज लहान घेऊन उद्या जागा वाढवता येते. मात्र यंत्र किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतं, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत वाचा. साध्या यंत्रांपैकी पुष्कळ ३२ च्या पुढचं कार्ड ओळखत नाहीत. चौसष्टचं कार्ड घरी आणून ते चालेना, असं व्हायला नको.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. रस्त्यावर फार स्वस्त मिळणारी कार्डं जपून घ्या. काही कार्डांवर ६४ छापलेलं असतं, यंत्रात घातलं तरी ६४ च दिसतं, पण आत खरी जागा असते चार नाहीतर आठ! कार्डाच्या आतल्या चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं सारं वाया. एकतर जुनं पुसलं जातं, नाहीतर नवं उघडतच नाही. म्हणून पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या. आणि घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काठोकाठ भरून सुरुवातीची, मधली आणि अगदी शेवटची फाइल वाजवून बघा. तिन्ही वाजल्या तर कार्ड खरं. आजीचा आवाज त्यावर ठेवायचा तो या परीक्षेनंतरच.

चौथी गोष्ट. पडदा छोटा असेल तर हजारो गाणी भरून उपयोग नाही. बटण दाबत दाबत हवं ते गाणं सापडेपर्यंत शाळेची बस निघून जाईल! गाणी वेगवेगळ्या फोल्डरांत, नीट नावं देऊन ठेवा. कपाटात कपडे कोंबले काय आणि घड्या करून ठेवले काय, कपाट तेवढंच असतं. पण हवा तो सदरा पटकन कुठे सापडतो?

आई-बाबांसाठी

पालकांना एक-दोन गोष्टी सांगायच्या आहेत. फोनवर महिन्याचे पैसे भरून आपण जी गाणी ऐकतो, ती त्या ॲपच्या कुलपात असतात. "डाउनलोड" केलेली दिसली तरी ती अशा साध्या प्लेअरमध्ये घालता येत नाहीत, आणि पैसे भरणं थांबलं की फोनवरही वाजत नाहीत. प्लेअरसाठी गाणी वेगळी, रीतसर विकत घेतलेली लागतील. घरातल्या जुन्या सीडी उपयोगी पडतील. हा खर्चही हिशेबात धरा.

दुसरं असं, की मोठी जागा घेणं हा काही गुन्हा नाही. परवडत असेल तर जरूर घ्या. पण "मोठा घेतला, प्रश्न मिटला" असं मुलांपुढे म्हणू नका. प्रश्न मिटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. काय ठेवायचं आणि काय नको, हे ठरवायची सवय लागण्याआधीच जागा भरून जाते. तीन रकाने आखायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मुलांना द्या. आणि तिसरा रकाना रिकामा राहिला, तर एक दिवस घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून तो भरा. अंगाई, आरती, गावाकडची एखादी गोष्ट, आजोबांनी सांगितलेली गिरणीतली आठवण, काहीही चालेल. त्यासाठी नवा प्लेअरच हवा असंही नाही. तुमच्या फोनवर आवाज टिपता येतो. फक्त दुसरी प्रत करायला विसरू नका.

घरचा अभ्यास

१. एका मुलाकडे ८ जीबीचा प्लेअर आहे. त्याला ३०० साधी गाणी, प्रत्येकी ६ मिनिटांची, आणि एक तासाचे ५ चित्रपट ठेवायचे आहेत. चित्रपटाला तासाला १ जीबी धरा. मावेल का? किती जागा उरेल?

२. आजोबांच्या साठच्या १२ जुन्या कॅसेटी आहेत. त्यांतला आवाज काही न गाळता उतरवायचा तर किती जीबी लागतील? कितीचं कार्ड घ्याल?

३. हे गणित नाही. वहीत तीन रकाने आखा. तिसऱ्या रकान्यात निदान एक नाव लिहा आणि त्या माणसाला विचारा, "मी तुमचा आवाज टिपून ठेवू का?"

पहिल्या दोन्हींची उत्तरं पुढच्या आठवड्यात देईन. तोवर शेजाऱ्याचं बघून लिहायचं नाही, बरं का! तिसऱ्याचं उत्तर मात्र मला तपासता येणार नाही. ते तुमचं तुम्हीच ऐकायचं.

तुमची,
बाई